ओळीचं शेपूट

५ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अ. उ. आ.

आम्ही सगळे ठीक. पडद्यांचं दुकान ठीक, शिलाई मशिनं चालू, तुझ्या भावोजींची पाठ कधी चालू कधी बंद. तुझं नवं गाणं काल ऐकलं. समोरच्या चपलांच्या दुकानात सकाळपासून तेच लावलं होतं. पहिल्यांदा कौतुकाने ऐकलं, दुसऱ्यांदा मान डोलावली आणि तिसऱ्यांदा हातातली कात्री खाली ठेवली. बेबी, यात कुठेतरी पाणी मुरतंय.

तू ओळ पूर्ण करायला कधीपासून लागलीस? लहानपणी आपण पाहुण्यांपुढे गायचो तेव्हा तू ओळ उचलायचीस आणि शेवटचं अक्षर माझ्यासाठी सोडून द्यायचीस. ते शेपूट मी हळूच खाली आणून मिटवायचे. पुढे तू एकटी गायला लागलीस, केवढी मोठी पॉपस्टार झालीस, पण शेपूट सोडायचं काही सोडलं नाहीस. पेपरवाल्यांनी त्याला विरहाचा सुस्कारा म्हटलं. कॉलेजच्या पोरी आरशापुढे उभं राहून ओळी अर्धवट टाकायला लागल्या. मी मात्र गालात हसायचे, कारण ती जागा माझी आहे हे मला एकटीला ठाऊक होतं. आजही तुझं गाणं लागलं की मी मशिनवर बसल्या बसल्या ते शेपूट पुरं करते. काल तोंड उघडलं आणि बघते तर जागा भरलेली! आपल्या खुर्चीत दुसरंच कुणी येऊन बसावं तसं झालं मला.

दुसरं म्हणजे फोन. कधीही केला तरी तो तुझा मॅनेजर उचलतो, घरातसुद्धा काळा चष्मा लावून हिंडणारा तो गॉगल, आणि मॅडम आराम करताहेत म्हणून सांगतो. तू आणि आराम? झोपेतसुद्धा बडबडणारी बाई तू! त्याने तुला कोंडून तर ठेवलं नाही ना? तुझी पत्रं वाचत असेल तर उघड लिहू नकोस. कोंडलेली असशील तर भावोजींच्या पाठीची चौकशी करू नकोस, मी काय ते समजेन.

माझ्या टिटवीकडे लक्ष ठेव. पोरीला तुझे स्टेजचे कपडे सांभाळायला पाठवलीय, तुझ्यासारखी जागरणं करायला नाही. लोभ आहेच, सध्या तो कान टवकारून बसलाय, एवढंच.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

भावोजींची पाठ कशी आहे? घे, विचारलं. मी कोंडलेली नाही. गॉगल माणूस चांगला आहे, फक्त दिसायला चोरासारखा दिसतो, त्याला तो तरी काय करणार?

ताई, माणसाने जन्मभर एकाच तऱ्हेने गावं का? श्वासाचे व्यायाम सुरू केलेत, म्हणून ओळी पुऱ्या होतात. त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? तुला लहानपणापासून संशयाची खोड. मी आजारी पडले तरी आधी तुला वाटायचं, शाळा बुडवायला पडलेय. एकदा तर थर्मामीटरवरसुद्धा तुझा विश्वास बसला नव्हता.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम आहे आणि स्टेजमागचा पडदा तुझ्याच दुकानात शिवून घ्यायचा मी हट्ट धरलाय. जाड काळं कापड, आणि डाव्या बाजूला एका ठिकाणी काळी जाळी, मागून पुढचं दिसेल पण पुढून मागचं दिसणार नाही अशी. मापाचा कागद सोबत जोडला आहे. जाळीतून दिवेवाल्याला स्टेज बघायचं असतं. काम घरातच राहिलं की मलाही बरं वाटतं. पुढच्या रांगेतलं तिकीटही पाठवते.

टिटवी मजेत आहे. लोभ असावा, संशय थोडा कमी केलास तरी लोभाला धक्का लागणार नाही.

तुझी,
बेबी


१९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

फोन केला की तू नंतर करते म्हणतेस आणि तो नंतर काही उगवत नाही. शिवाय तुझ्या शेजारी कोण उभं आहे ते मला फोनवर दिसत नाही, म्हणून पत्रच लिही. मावशीला दाखवू नकोस.

ती रियाज करते का? कधी करते? तुझ्या कानांनी ऐकलास का? जन्मात चार ओळी न लिहिणारी माझी बहीण पानभर पत्र लिहिते आणि फोनवर दोन शब्द बोलत नाही, हे मला पटत नाही. हल्ली म्हणे कॉम्प्युटरमध्ये घालून कुणाचाही आवाज बनवतात. तो गॉगल तिच्याऐवजी मशिनला तर गायला लावत नाही ना? तू माझी मुलगी आहेस, डोळे उघडे ठेव. आणि जेवतेस ना वेळेवर?

तुझी,
आई


२६ फेब्रुवारी

ती. आईस,
टिटवीचा सा. न.

आई, तू म्हणजे ना अगदी पोलीस आहेस! मशिन-बिशिन काही नाही गं. मावशी रियाज करते, म्हणजे करत असेल. मी कपड्यांच्या खोलीत असते, मला कसं ऐकू येणार? सध्या चंदेरी झग्याची बाही उसवलीय, त्यात मान वर करायला फुरसत नाही.

मी वेळेवर जेवते. बर्फ पूर्ण बंद केलाय, थंड पाण्याला हातसुद्धा लावत नाही, रोज वाफ घेते आणि लवकर झोपते. मावशी माझ्यावर चिडत नाही, उलट फार जपते. कधी कधी माझ्याकडे बघत नुसती बसून राहते. मला तिचं फार वाईट वाटतं. का ते विचारू नकोस.

बाबांना नमस्कार. माया कर, चौकशी करू नकोस.

तुझीच,
टिटवी


४ मार्च

बेबी,

आशीर्वाद नंतर. आधी उत्तर दे.

झग्याची बाही शिवणारी पोर बर्फ कशाला सोडते? वाफ कशाला घेते? ऐन थंडीत बर्फाचे खडे कडाकडा चावणारी माझी टिटवी, माझा ओरडून ओरडून घसा बसला तरी तिने कधी ऐकलं नाही. आणि आता तिचा गळा असा काय मोलाचा झाला?

काल तुझा पडदा टेबलावर पसरला आणि जाळीची जागा खडूने आखायला गेले. माप बघितलं आणि हातच थांबला. असला बुटका दिवेवाला कुठून आणलास? त्या उंचीवर कुणाचे डोळे येतात हे मला मोजून बघावं लागत नाही. तिचे कपडे मी जन्मापासून शिवतेय, बाई.

मग खाली मान घालून समोरच्या दुकानात गेले आणि त्याला गाणं पुन्हा लावायला सांगितलं. चपला घेणार का म्हणून त्याने विचारलं, मी हो म्हटलं. नको असलेल्या चपला घेऊन आलेय. बेबी, त्या गाण्यात ओळीचं तोंड तुझं आहे आणि शेपूट माझं. हुबेहूब माझं. असं गाणारी या जगात एकच आहे. तुझ्या कॅसेट ऐकत आणि माझ्या मशिनशेजारी बसून ती गाणं शिकली. आपल्या दोघींचं मिळून झालेलं एकच पोर आहे ते.

माझी मुलगी पडद्यामागे उभी राहून जाळीतून तुझ्याकडे बघत गाणार, तू पुढे नुसते ओठ हलवणार, आणि टाळ्याही तूच घेणार. आणि तो पडदा मी शिवायचा? वर पुढच्या रांगेत बसून बघायचाही? माझ्या तोंडाला पानं पुसताना तुला काहीच वाटलं नाही?

ताई


११ मार्च

ती. ताईस,
कोणत्या तोंडाने नमस्कार लिहू? तरी लिहिते. शि. सा. न.

सगळं खरं आहे. माझ्या गळ्यात, स्वरयंत्रावर, गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बोलणंच बंद केलं होतं. मी घरात पाटीवर लिहून बोलत होते, म्हणून फोनवर येत नव्हते. आता थोडं बोलते, पण आवाज फाटलेल्या कागदासारखा येतो. गाणं परत येईल का, यावर डॉक्टर नुसते चष्मा पुसतात.

आमच्यात अशी पद्धत असते की आधी कुणीतरी कच्चं गाणं गाऊन ठेवतं आणि मग मुख्य गायिका त्यावर आपला आवाज भरते. त्या दिवशी कच्चं गाणारी बाई आली नाही. टिटवी कपड्यांना इस्त्री करता करता गुणगुणत होती, तिलाच माइकपुढे उभं केलं. तिने गंमत म्हणून माझी नक्कल केली. आवाज मी पुढच्या आठवड्यात भरणार होते, मग त्याच्या पुढच्या. तो आठवडा आलाच नाही, आणि गॉगलने कच्चं तेच पक्कं म्हणून बाहेर काढलं. मला कळलं तेव्हा ते गाणं रिक्षांमध्ये वाजत होतं. मी गप्प बसले. टिटवी तर मावशीच्या उपयोगी पडले म्हणून आनंदात आहे, हे बघून मला जास्तच लाज वाटते.

पण ताई, खरं सांगितलं तर मी संपले. गाण्याशिवाय मला काय येतं? तू पडदे शिवू शकतेस, मला साधं बटणसुद्धा लावता येत नाही. या एका कार्यक्रमापुरतं होऊ दे. मग मी स्वतः तिला लोकांपुढे आणेन. पडदा तुला शिवायचा नसेल तर गॉगल दुसरीकडून शिवून घेईल.

लोभ मागण्याची हिंमत नाही.

बेबी


१५ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ. (गळ्याला.)

गाठीचं वाचलं आणि पत्र तिथेच ठेवून आधी देवापुढे दिवा लावला. मला कळवलं असतंस तर मी धावत आले असते, हे तुलाही ठाऊक आहे. वेडी आहेस झालं. थर्मामीटरवर विश्वास ठेवला नाही म्हणून एवढी शिक्षा?

पण पोरीच्या बाबतीत माझं ऐकायचं. या एका कार्यक्रमापुरतं म्हणतेस, तसंच त्या एका आठवड्यापुरतंही म्हणाली होतीस. असंच चाललं तर पडद्यामागे उभी राहून राहून तिचं आयुष्य जाईल आणि तिला तेही मजेशीर वाटेल, कारण तिचा तुझ्यावर जीव आहे. माझा नाही एवढा, सध्या तरी.

पडदा शिवलाय, सोबत पाठवते. जाळी लावलेली नाही. त्या ठिकाणी वरपासून खालपर्यंत उघडी चीर ठेवली आहे, एक माणूस सहज बाहेर येईल एवढी. कडा दुमडून पक्क्या केल्यात, पुन्हा जोडायला गेलीस तर कापड फाटेल. काय करायचं ते तुम्ही दोघी ठरवा. मी पुढच्या रांगेत बसून बघणार आहे. तिचा आवाज आला आणि ती दिसली नाही, तर स्टेजवर चढून तिला हाताला धरून घरी नेईन. भावोजी म्हणाले की मी खरंच चढेन.

लोभ आहे, पण तो आता तिकीट घेऊन येतोय.

ताई


२ एप्रिल

चि. बेबीस,
अ. उ. आ.

घरी सुखरूप पोचलो. भावोजींची पाठ प्रवासाने पार मोडली, तरी भेटेल त्याला मीठमिरची लावून कार्यक्रमाचं सांगत सुटलेत.

तू पुढे आलीस, दिवे लागले, तरी माझा तुझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. पर्स घट्ट धरून बसले होते, केव्हाही उठायच्या तयारीत. तू माइक तोंडाशी नेलास तेव्हा मी तुझ्या ओठांकडे नाही, पडद्याकडे बघत होते. आणि मग तो आवाज आला. घोगरा, फाटका, आणि तुझाच. माझ्या शेजारच्या बाईने हे काय म्हणून नवऱ्याला विचारलं. मला तिला फटकावावंसं वाटलं.

मग तू ओळीच्या टोकाशी आलीस आणि शेपूट सोडलंस. चीर हलली आणि टिटवी बाहेर आली, चंदेरी नव्हे, मी शिवलेल्या निळ्या कपड्यांत, आणि तिने ते शेपूट उचललं. पण बेबी, माझी चूक झाली. सवयीने मीही उचललं. मोठ्याने! लोक वळून बघायला लागले, भावोजींनी माझी बाही ओढली, पण निम्म्यावर थांबायचं कसं? टिटवीने ऐकलं, हसली, तरी सूर सोडला नाही पोरीने. नव्या गाण्यातला आवाज या मुलीचा आहे हे तू लोकांना सांगितलंस, तेव्हा गॉगलने म्हणे पहिल्यांदाच चष्मा काढला.

पेपरात तुला काय काय म्हटलंय ते वाचलं. फसवी म्हणणारेही आहेत. ते पान मी पडद्याची मापं कापायला वापरलं. पुढचं काम हातातून गेल्याचं टिटवीकडून कळलं. काही दिवस इकडे ये. बटण लावायला मी शिकवते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आल्यापासून डोक्यात तेच फिरतंय, आणि संशय घेण्याची माझी खोड तू जाणतेसच. त्या दिवशी शेपूट सोडलंस ते कुणासाठी? टिटवीने बाहेर यावं म्हणून, की मी समोर बसले होते म्हणून? खरं सांग. मी रागावणार नाही. थोडी रागावेन.

लोभ पहिल्यासारखाच.

तुझी,
ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

शनिवारच्या गाडीने येते. भावोजींच्या पाठीसाठी मलम आणते. टिटवीला दोन नव्या गाण्यांसाठी बोलावणं आलंय, पोस्टरवर तिचंच नाव. बर्फ अजून बंद आहे, काळजी नको.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते, तोंडावर द्यायला जमणार नाही. टिटवीसाठी सोडलं नाही. तुझ्यासाठीही नाही. माझा दम संपला, ताई. लहानपणीही तेच व्हायचं. मला ओळ कधीच पुरी करता आली नाही. मी थांबायचे आणि तू उचलायचीस, म्हणून तर कुणाला कळलं नाही.

तुझी,
बेबी