गोळी चुकून सुटली नाही, मी झाडली

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक साहेब,
स्थानिक पोलीस ठाणे, नवी मुंबई.

अर्जदार : आकाश धर्मराज भोईर, वय २३, धंदा एसी रिपेअरिंग, राहणार शिरवणे गाव.

विषय : माझा आधीचा जबाब खोटा असल्याबाबत, आणि जीव वाचवायला मारलेली गोळी गुन्हा धरायची का हे ठरवताना खरी हकीकत समोर असावी याबाबत.

संदर्भ : गु.र.क्र. ६१/२०२६. माझा दि. १ फेब्रुवारीचा जबाब.

साहेब,

१. अर्ज मोबाईलवर टाईप केलाय, चुका असतील. वडिलांच्या वकिलांना दाखवलेला नाही. ते देऊ देणार नाहीत.

२. रविवारी १ तारखेला दुपारी पावणेचारला आमच्या घरात वडिलांच्या लायसन्सच्या एकनळी बंदुकीतून गोळी सुटली आणि माझा चुलतभाऊ मितेश मांडीत जखमी झाला. वडील, आत्या विमलबाई आणि मी, तिघांनी एकच सांगितलं : बंदूक निवडणुकीसाठी ठाण्यात जमा होती, परत आणली, वडील साफ करत होते, चुकून सुटली. मितेश सांगतो काकांनी नेम धरून मारली. म्हणून वडील खुनाच्या प्रयत्नात आत आहेत. दोन्ही खोटं आहे. चुकून सुटली नाही. वडिलांनी मारली नाही. मी मारली.

मितेशला हे माहीत आहे. पण गावातल्या सामायिक घराच्या जागेवर बिल्डिंग उठवायला त्याला सही वडिलांची पाहिजे, माझी नाही. म्हणून त्याला आत पण वडीलच पाहिजेत, सुटकेच्या बदल्यात सही मागायला.

३. घडलं असं. मितेश दाराला लाथा मारत होता. हातात कोयता. मी खिडकीतून पाहिला. ओरडत होता, “काका, आज सही दे, नायतर अंगठाच घेऊन जातो.” वडील आतून बोलले, “सही येते मना, म्हनून तं वाचल्याबिगर करत नाय.” मी पोलिसांच्या ११२ ला फोन लावला. लागला. बंदूक पलंगावर होती, एका हाताने काडतूस भरलं. हो, मी भरलं. फोनवर शिरवणे म्हणेपर्यंत कडी उखडली. कॉल १९ सेकंदांचा आहे.

त्याने वडिलांवर वार केला. मी डावा हात मध्ये घातला, तो कापला. वडील मागे पडले. मी बंदूक उचलली आणि चाप ओढला.

४. वाशीला हॉस्पिटलात त्याला आम्हीच रिक्षातून नेलं. त्याच रिक्षात वडील माझ्या कानात बोलले, “बंदूक माज्या नावावर हाय. तुज्या हातात व्हती बोल्लास तं तुला उचलतील. मी म्हातारा, मना काय करतील? साफ करताना सुटली, बस.” मी मान हलवली. घरी आत्याने कोयता धुऊन माळ्यावर टाकला. ती ७१ वर्षांची आहे, घाबरलेली होती, तिला यात घेऊ नये. माझ्या हाताला नऊ टाके पडले. डॉक्टरला सांगितलं, पंख्याचं पातं लागलं.

५. आठ दिवस भारतीय न्याय संहिता वाचतोय, एसीचं मॅन्युअल वाचतो तशी, परत परत. कलम ३४ : बचावाच्या हक्कात केलेली गोष्ट अपराध नाही. ३५ : दुसऱ्याचा जीव वाचवायला पण. ३८ : मरणाची किंवा जबर दुखापतीची भीती असेल तर समोरचा मेला तरी. म्हणजे आमची बाजू कायद्यात होती. आम्हीच ती कोयत्याबरोबर धुऊन टाकली. चुकून सुटली म्हटलं की हे सगळं बाद. चुकून कोणी कोणाला वाचवत नाही. म्हणून विनंती, साहेब, मी गोळी जाणूनबुजून मारली अशी नोंद करावी. अशी विनंती तुमच्याकडे कोणी करत नसेल.

६. आता जे मला सांगायचं नाही ते. कलम ३७ म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. छर्रे मितेशच्या मांडीत बाजूने घुसलेत, समोरून नाही. मी चाप ओढला तेव्हा तो वळत होता. परत वार करायला वळत होता की बंदूक बघून पळायला, मला माहीत नाही. रोज डोळ्यांसमोर आणून बघतो. रोज वेगळं दिसतं. वार करायला वळला असं लिहिलं असतं तर हा अर्ज भारी झाला असता. पण एक खोटं पुसायला आलोय, दुसरं लिहिणार नाही. हे तुम्ही आणि कोर्टाने ठरवावं.

७. लायसन्स वडिलांचं, हात माझा. विनापरवाना बंदूक चालवली हा गुन्हा वेगळा, आणि तो मला मान्य आहे.

८. सोबत : ११२ च्या कॉलचा स्क्रीनशॉट, टाक्यांचे फोटो, उखडलेल्या कडीचा फोटो. कोयता आणलेला नाही, हत्यार घेऊन ठाण्यात येऊ नये एवढं कळतं. माळ्यावर आहे, पंचनामा करून घ्यावा.

९. शेवटची विनंती. हा अर्ज वडिलांना आधी दाखवू नये. ते म्हणतील पोरगा मला वाचवायला खोटं बोलतोय, आणि इतकं शांत बोलतील की तुम्हाला पटेल. मला समोरासमोर केलं तर मी त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडू शकणार नाही. परत मान हलवीन. म्हणून माझा जबाब आधी लिहून घ्या, सही घ्या, मग त्यांना सांगा.

सकाळी दहापासून तुमच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसलोय. पिशवीत टॉवेल, ब्रश आणि दोन जोड कपडे आणलेत.

आपल्या हाकेची वाट बघणारा,
आकाश धर्मराज भोईर
दि. ९ फेब्रुवारी २०२६