व्होडकातला लाल पेरू

प्रिय महामाया,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू काळजीत पडली असशील, म्हणून आधी सांगून टाकतो. मी ठणठणीत आहे, तुझी आई ठणठणीत आहे, आणि काल दुपारी आपल्या स्वयंपाकघरात मी व्होडकाचं कॉकटेल बनवलं. चांगलं बनलं. पहिलं नाही, तिसरं. फोनवर हे सांगता आलं असतं, पण तुझा फोन आला की आई स्पीकर लावते आणि मग मी नुसता हूं हूं करतो. परवा तू म्हणालीस, 'बाबा, रविवारी मला पाहायला पाहुणे यायच्या आत मी राजीनामा देते, म्हणजे मामा खोटे पडायचे नाहीत. देऊ ना?' त्यावरही मी हूं म्हटलं. ते हूं म्हणजे होकार नव्हता. जी गोष्ट मी हातानं करून पाहिली नाही, तिच्यावर मत देत नाही. ही माझी पद्धत तुला ठाऊक आहे.

तुझ्या हिंमतमामानं धाड गावाहून येऊन सगळा घोळ घातला, हे मला मान्य आहे. मेहकरच्या नारायणरावांना, म्हणजे मुलाच्या वडलांना, त्यानं सांगून ठेवलं की आमची भाची पुण्याच्या हॉटेलात रिसेप्शनला बसते. तू बारच्या काउंटरमागं उभी राहून ग्लास भरतेस हे त्याला माहीत होतं. तुझा व्हिडिओ त्यानंच आमच्या मोबाइलवर पाठवून दाखवला. 'पाहा भाऊजी, पोरगी बाटल्या हालवून राह्यली,' असं म्हणाला, जसं काही तू कोणाचं घर फोडून राहिली होतीस. तो गेल्यावर आईनं तो व्हिडिओ पुन्हा लावला, आणि पुन्हा. शेवटी म्हणाली, 'हात कसे चालते पाहा इचे. तुमच्यावानी.' मग लगेच डोळे पुसून भाकरी थापायला बसली.

त्या व्हिडिओत तू लाल पेरूचं काहीतरी बनवत होतीस. माझं डोकं तिथंच अडकलं. अमडापुरात बावीस वर्षं रसवंती चालवतो मी. थंडीत उसाला गिऱ्हाईक नसतं तेव्हा पेरू, संत्रं, डाळिंब हेच माझं पोट भरतं. पेरूचा रस काढणं किती अवघड असतं ते तुझ्या हॉटेलच्या मॅनेजरलाही माहीत नसेल. म्हटलं, पोरगी नेमकं करते काय ते आपणच पाहावं.

बाटली आणायला चिखलीला गेलो. तोंडाला रुमाल बांधून नाही, भर दुपारी, इस्त्रीचा शर्ट घालून. दुकानदाराकडं दारूचा एका दिवसाचा सरकारी परवानाही मागितला. तो माझ्याकडं पाहतच राहिला. 'काका, हे कोणी मागत नाही हो.' म्हटलं, मी मागतो, दे. तेवढ्यात मागून आपला तुळशीराम ड्रायव्हर म्हणाला, 'काऊन देवानंदभाऊ, रसात काय टाकून राह्यले आता?' मी म्हटलं, 'पोरीचा धंदा शिकून राह्यलो.' तो हसला. मी हसलो नाही, तसा त्यानं हसू आवरलं.

घरी आईनं अट घातली. बाटली पुढच्या खोलीतून न्यायची नाही, तिथं रोज बुद्धवंदना होते. मागच्या दारानं आणायची आणि काम झालं की मागच्याच दारानं बाहेर. मी मान्य केलं. माझीही एक अट होती, ती मी स्वतःलाच घातली. चव घ्यायची आणि चूळ भरायची, घोट उतरवायचा नाही. दारू न पिण्याचं पाचवं शील मी आजवर सांभाळलंय, तुझ्या ग्लासासाठी ते मोडणार नव्हतो.

आता नीट वाच, कारण तुझ्या कामाचं आहे. पेरू घ्यायचा तो देठाकडून दाबला की किंचित दबणारा, आणि पिशवी उघडताच ज्याचा वास घरभर होतो असा. मिक्सर फिरवायचा तो जेमतेम. जास्त फिरवला की बिया फुटतात आणि रस जिभेला चरचरतो. तुमच्या व्हिडिओत स्टीलची गाळणी दिसली. ती चालत नाही. ओलं मलमल घ्यायचं, पिळायचं नाही, टांगून ठेवायचं. आणि लिंबू घालायचं ते रस गाळल्या गाळल्या, नाहीतर गुलाबी रंग मातकट होतो. व्होडका मापायला मी खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं, दहा मिलीचं. सहा टोपणं व्होडका, नऊ टोपणं पेरूचा रस, दोन टोपणं लिंबाचा रस, एक टोपण साखरेचा पाक. ग्लासच्या काठाला मीठ-तिखट. तिखट आपलं घरचं, त्यामुळं थोडंच.

पहिला ग्लास फेकला. दुसराही. चव घेतली तर स्पिरिटच. जीभ भाजली, नाकात जाळ. रस उत्तम, माप बरोबर, तरी असं का, कळेना. मग तुझा व्हिडिओ पुन्हा लावला आणि हसूच आलं. मी बर्फाचे दोन खडे टाकले होते. आपल्या दुकानावर पाटीच आहे, 'बर्फ कमी, रस जास्त', आणि ती पाटी मी स्वतः रंगवली आहे. बर्फ जास्त टाकणारा रसवाला म्हणजे चोर, हे मी अख्ख्या बाजाराला शिकवलं. तू मात्र भांडं गच्च भरतेस बर्फानं आणि हात दुखेपर्यंत हालवतेस. तिथं बर्फ गिऱ्हाइकाला फसवायला नसतो. हालवताना जे पाणी सुटतं तेही मापातच धरलेलं असतं. ते पाणी नसेल तर दारू दारूच राहते, पेरू तिच्यात मिसळत नाही. तिसऱ्या वेळी स्टीलचा डबा बर्फानं काठोकाठ भरला आणि बाहेरून दव येईपर्यंत हालवला. चव घेतली. आधी पेरू, मग लिंबू, आणि अगदी शेवटी घशाच्या तोंडाशी थोडीशी ऊब. चूळ भरायचं जिवावर आलं, पण भरली.

म्हणून माझं मत असं झालं की हे काम आहे. हातचलाखी नाही, थेरही नाहीत. उभ्यानं करायचं, जिभेनं आणि मनगटानं करायचं काम. उरलेल्या रसाचा, बिनदारूचा, ग्लास आईला दिला, तुझ्याच रीतीनं हालवून. ती म्हणाली, मीठ कमी आहे. मग सगळा प्यायली.

पण आईचं म्हणणं तुझ्यापासून लपवणार नाही. दारू विकून पोट भरणं तिला पटत नाही. सम्यक आजीविका, म्हणजे कोणाचं वाईट न करता पोट भरणं, यावर ती मला गाठते आणि तिथं मी हरतो, खरंच हरतो. तुला तिचा विरोध सहन करावा लागेल, आणि तिलाही तुझा. मात्र काल संध्याकाळी भांडी घासता घासता ती अचानक थांबली आणि म्हणाली, 'पाचव्या शिलाचं पोरीचं पोरगी पाहील. पण त्या लोकायले रिसेप्शन सांगून चौथं तर आपण मोडून राह्यलो ना? रोज सकाळी खोटं बोलणार नाही म्हणतो, अन् रविवारी पोहे खाऊ घालून तेच बोलायचं?' मी डबा पुसत होतो. ठेवला खाली.

तेव्हा आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. काल रात्रीच मी मेहकरला नारायणरावांना फोन लावला. आई शेजारीच होती, स्पीकर लावून. मी म्हटलं, 'आमची मुलगी रिसेप्शनला नाही. ती हॉटेलच्या बारमध्ये पेयं बनवते, आणि उत्तम बनवते. आधी चुकीचं कानावर गेलं, म्हणून सांगतो.' ते म्हणाले, विचार करून कळवतो. 'कळवतो' म्हणजे काय ते मला समजतं. हिंमतमामाला कळलं की तो तुला फोन करून आरडाओरड करेल. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून कुरियरनं पाठवतो आहे. राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर उद्या जाऊन परत माग. कधी तुझाच जीव या कामाला कंटाळला तर खुशाल सोड, पण मामाचं खोटं खरं करायला सोडू नकोस. रविवारची सुट्टी तू काढलीच आहेस, ती रद्द करू नकोस. आईनं पोहे आणून ठेवलेत आणि ती म्हणते, मेहकरचे येवोत न येवोत, भिजवणार. ते आलेच, तर काय काम करतेस हे त्यांनी विचारायची वाट पाहू नकोस. तूच सांग. मी शेजारी बसलेला असेन, आणि या वेळी हूं म्हणणार नाही.

तुझाच,
देवानंद रसवंतीवाला, म्हणजे बाबा