पंधरात नाव

८ ऑक्टो., मंगळवार
बंडूचं नाव कसोटी संघाच्या पंधरात. पेपरात तीनदा वाचलं. माझा धाकटा भाऊ. तळ्याच्या कोरड्या गाळावर मीच त्याला फिरकी टाकायला शिकवलं, मी मात्र तालुक्याच्या पुढं गेलो नाही.

दूध संस्थेत चेअरमन अण्णांनी पेढे वाटले. म्हटलं, अण्णा, मैदानात अकराच जातात. "पेपरात आलंय न्हवं? मग कशाला खोडा घालतो रं?" दुपारून फाट्यावर बोर्डही लागला. त्यावर अण्णांचा फोटो बंडूपेक्षा मोठा. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

१० ऑक्टो., गुरुवार
हस्तसुद्धा कोरडा गेला. टँकर दिवसाआड. संस्थेत दुधाचे चार कॅन भरायचे, आता एक, तोही अर्धा.

आई बायकांबरोबर नारायणगडावर दर्शनाला जाऊन आली. विचारलं, बंडूचं मागितलंस ना? म्हणाली, "पावसाचंच मागितलं. समद्या बाया तेच मागत हुत्या. त्याचं ध्यानातच न्हाई आलं."

१२ ऑक्टो., शनिवार
संस्थेच्या फोनवर बंडू, चेन्नईहून. विकेटला भेगा पडल्यात, कॅप्टन दोन फिरकीवाले घेणार म्हणतोय. म्हणजे दुसरा हाच. "दादा, आपल्या तळ्यावानीच हाय बघ."

कोरड्या जमिनीचं आज पहिल्यांदा बरं वाटलं. लाज वाटली, पण वाटलं.

१४ ऑक्टो., सोमवार
चेन्नईत कालपासून पाऊस. रेडिओवर सांगितलं. इथं पावसाचा टिपूस नाही.

अण्णा म्हणाले, "गडावरून निघाला, पर पत्ता चुकला." सगळे हसले. आई संस्थेत दूध घालायला आली होती, रिकामी चरवी उचलून निघून गेली. अण्णांचा राग आला.

१५ ऑक्टो., मंगळवार
संस्थेत टीव्हीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. आपण टॉस हरलो, फील्डिंग. मग अकरा नावं आली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. बंडू नाही. विकेट ओली, हवा ढगाळ, म्हणून तिसरा फास्ट बोलर घेतला. अण्णा चहाचं निमित्त काढून उठले.

पहिल्या तासात एक विकेट नाही. तिसरा फास्टवाला सारखा पायावर टाकतोय. मी इथून ओरडतोय. टीव्हीला काय ऐकू येतं.

पाणी पिण्याची सुट्टी झाली. बंडू पळत आला, दोन्ही हातांत बाटल्या. आई टँकरवरून आलेली, डोक्यावर हंडा तसाच, दारातून बघत होती. "तितं जाऊन बी पाणीच वाहायलाय का रं?"

हसलो सगळे. मीही. मग लाईट गेली ते बरं झालं.

१६ ऑक्टो., बुधवार
एकाचा पाय मुरगळला, त्याच्या जागी बंडू फील्डिंगला. संस्थेत टाळ्या. बदलीच्या माणसाला बोलिंग टाकता येत नाही, हे एकेकाला समजावून घसा बसला.

दुपारी तिकडं ऊन पडलं. विकेट वाळली, चेंडू वळायला लागला. आपला एकटा फिरकीवाला टाकून टाकून दमला. बंडू सीमेवर उभा, हात पाठीमागं बांधून. बघवेना. उठून बाहेर गेलो, पुन्हा आत आलो.

१७ ऑक्टो., गुरुवार
खेळ सुरू व्हायच्या आधी संस्थेत त्याचा फोन, आई दूध घालायला आलेली. आवाज खोल गेलेला. मला काही बोलला नाही, आईला दे म्हणाला. फोनमधून मलाही ऐकू येत होतं.

"आई, तू गडावर गेलतीस म्हणं. आला का पाऊस तिकडं?"

आईनं खिडकीतून बघितलं. टँकर यायचा होता, हंड्यांची रांग फाट्यापर्यंत.

"आला बाबा. लई आला. तळ्यात पाणी हाय."

तो म्हणाला, "मग बरं झालं." फोन माझ्याकडं आला. "दादा, खरंच आला?"

मी हो म्हटलं.

पुढच्या कसोटीची नावं रविवारी. त्यात नसला तर सोमवारच्या एसटीनं घरी येईल. फाट्यावर उतरलं की आधी तळंच दिसतं.