गवती चहाचा वास

६ जानेवारी
आजपासून मी पुणेकर! लोणी काळभोरच्या औषधसंस्थेत नोकरी, हडपसरला खोली, आणि आईला औशाहून कायमचं सोबत आणलं. प्रयोगशाळेत गवती चहाचा घमघमाट आहे. त्याच वासाचं एक संयुग मधुमेही उंदरांच्या थकलेल्या हृदयावर तपासायचंय. प्रयोगाच्या प्रमुख नीरजा मॅडमनी पहिल्याच भेटीत सुनावलं, उत्साह घरी ठेवून येत जा, उंदीर घाबरतात. तरी मी खुशीत आहे. आईचा आजार तोच, साखरेने खिळखिळं केलेलं हृदय. डॉक्टरांनी हात टेकलेत. मी टेकणार नाही.

२४ जानेवारी
औषध घेणाऱ्या उंदरांची हृदयं जोमात चालताहेत. माणसाला कधी देणार, असं मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आपण उंदीर असाल तर आजच.

संयुगाच्या बाटलीतलं थोडं चोरून घरी आणलं आणि बिनसाखरेच्या चहात घातलं. आई म्हणाली, गावाकडची चव आली. तिला एकटीला चहा गोड लागत नाही, म्हणून रोज एकाच पातेल्यातला दोघी घेतो.

१५ फेब्रुवारी
आईच्या पायांची सूज उतरली. जिना चढून आली! मला रडूच आलं.

२ मार्च
प्रयोग संपला. उंदरांना मारून हृदयं काढली. औषध न दिलेली थांबली. बाकीची बशीत धडधडताहेत. मॅडमनी घड्याळ लावून ठोके मोजायला घेतले.

३ मार्च
अजून चालूच. पेशी मारणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये टाकली, तरी. घरी येताच बाटली मोरीत ओतली. आई चहा मागत राहिली.

९ मार्च
डॉक्टर म्हणाले, हृदयाची काळजी मिटली. पण आईची मूत्रपिंडं गेली, नजर गेली, शुद्ध येते-जाते. म्हणते, बास झालं माय, आता जाऊ दे मला. मी काय करून बसले!

१० मार्च
आई सकाळी गेली. श्वास नाही, अंग गार. पण छातीवर हात ठेवला, तर —
शेजारच्या नंदाकाकू रडत होत्या. कुणाला दिसू नये म्हणून मी शाल घट्ट गुंडाळली. सरणावर तरी थांबेल —

११ मार्च
राख सावडायला गेले. राख हलत होती. वास तोच —

१२ मार्च
अस्थींच्या मडक्याचं तोंड बांधलंय. आत ठक ठक — माझ्या ठोक्याला ठोका लावून. बोटाला सुई टोचली. रक्ताला गवती चहाचा —
आई, मीही रोज कपभर — मला कोण जाऊ देणार —