कांडपाची लढाई आणि माझा अहवाल

शिवाजी पेठ, कोल्हापूर
मंगळवार, दुपार

तीर्थरूप आण्णांना आकारामचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली नुसती फळीवर उभी आहे? वहिनींना नमस्कार सांगा. कागलात यंदा ऊन फार आहे असं ऐकतो, तेव्हा दुपारचं शेतावर जाऊ नका. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता, आणि आज मला सलग सांगायचं आहे. पत्रास कारण की, आपण युद्ध जिंकलं. आपण म्हणजे मुख्यतः मी.

आमच्या तालमीचे अध्यक्ष विजयसिंह तुम्हाला माहीत आहेत. माणूस दिलदार, पण एकदा न्हाय म्हणाला की न्हाय. मागच्या महिन्यात फुटबॉलच्या फायनलला त्यांच्या पुतण्याची पेनल्टी समोरच्या तालमीच्या गोलकीपरनं अडवली, कप गेला, आणि समोरच्यांनी आमच्या दारात येऊन फटाक्यांची माळ लावली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर हुकूम लागला. आजपासून कुणी रस्ता ओलांडायचा नाही, ओलांडेल त्याचं नाव तालमीतून कमी. आता रस्त्याच्या पलीकडे काय आहे बघा. पिठाची गिरणी, न्हावी, मटणाचं दुकान आणि दूध कट्टा. अलीकडे एक फोटोला फ्रेम करून देणारा आणि वर्धमानशेठचं किराणा दुकान. आठ दिवसांत सगळ्या पेठेच्या दाढ्या वाढल्या आणि संध्याकाळचं धारोष्ण दूध तुटल्यामुळं पैलवान मंडळी चहावर आली. हे युद्ध कुणालाच नको होतं, पण अध्यक्ष समोर आले की सगळे व्हय की, व्हय की म्हणायचे. (मीही म्हणायचो. लपवत नाही.)

आणि तो गोलकीपर म्हणजे आपल्या क्रांतीचा होणारा नवरा, राजवीर. फेब्रुवारीत सुपारी फुटली तेव्हा त्यानं कुणाचं काही अडवलं नव्हतं. साखरपुडा येत्या रविवारी, हॉल पलीकडच्या बाजूला. जावं तर तालीम तुटते, न जावं तर लेकीचं ठरलेलं लग्न मोडतं. पोरगी दोन दिवस जेवली नाही आण्णा.

अशात अध्यक्षांनी तज्ज्ञांची समिती नेमली. निवृत्त सुभेदार म्हणून मी आणि पुरवठ्याचे जाणकार म्हणून वर्धमानशेठ. (चोवीस वर्षांतली बावीस मी रेशनच्या भांडारात काढली, हे अध्यक्षांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.) आम्ही नऊ पानी अहवाल लिहिला. पहिल्या आठ पानांत, युद्ध ताबडतोब थांबवावं. नवव्या पानावर, न थांबवल्यास काय काय विपरीत घडेल ते सात कलमांत. आता लष्करी सवय अशी की कलम लिहायचं ते तोडून लिहायचं, जर-तर घालायचं नाही. कलम एक, रस्त्यावर पहारा बसेल. कलम दोन, पाहुण्यांनाही लांबून फिरून यावं लागेल. असं करत करत कलम सात, कांडप बंद होईल. सातव्याखाली शेठनी स्वतः तांबडी रेघ मारली, कारण मे महिना म्हणजे वर्षाची चटणी करायचे दिवस, आणि मिरची-मसाला कांडायचं मशीन पेठेत एकच, तेही पलीकडे. बायका तिथं जायच्या, आणि तेवढ्यापुरते अध्यक्ष दुसरीकडे बघायचे.

अध्यक्षांनी पहिली आठ पानं ओल्या बोटानं उलटली, नववं वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "सुभेदार, ह्याला म्हंत्यात लष्करी मानूस. एकापाठोपाठ एक काय करायचं, सगळा क्रमच लावून दिलाय की." मी तोंड उघडेपर्यंत पहारा बसला होता. मग रोज एक कलम अंमलात येत गेलं. शेठनी दुकान अर्धं ओढून घेतलं आणि मला ओळख दाखवायचं बंद केलं.

शनिवारी सकाळी दहाला कलम सात लागलं. साडेदहाला गल्लीतल्या चाळीस बायका भाजलेल्या मिरचीची घमेली डोक्यावर घेऊन रस्त्याकडं निघाल्या. सगळ्यांत पुढं तुमची बहीण संयोगिता आणि अध्यक्षांच्या आई, आक्का. पहाऱ्यावरची पोरं आपापल्या आया बघून पांगली. राहिले एकटे विजयसिंह, रस्त्याच्या मधोमध, हात पसरून. आक्का एवढंच म्हणाल्या, "इज्या, सर बाजूला. मिरची सादळाय लागलीया." ते सरले. नुसते सरले नाहीत, आक्कांचं घमेलं स्वतःच्या डोक्यावर घेऊन मशीनपर्यंत गेले. येताना न्हाव्याकडं बसून दाढी करून आले आणि फळ्यावर लिहिलं, तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार युद्ध समाप्त.

आता चौकात माझा दहा फुटी फ्लेक्स लागला आहे. खाली लिहिलंय, पेठेचे युद्धनीतिज्ञ. नेत्यानं जाणत्या माणसाचं ऐकलं की काय होतं ते सगळ्या पेठेनं बघितलं. मी प्रत्येक कलम जसं लिहिलं तसंच घडलं, हे शेठसुद्धा मान्य करतात. अध्यक्ष साखरपुड्याला फेटा बांधून येणार आहेत, पुतण्यालाही आणणार आहेत.

तुमचा,
आकाराम

ता. क. नव्या चटणीची बरणी एस.टी.नं पाठवतो आहे. चव घ्या, पण मिठाबद्दल कुणाजवळ काही बोलू नका.

ता. क. दुसरा. कारण असं की तह झाल्यावर दोन्हीकडच्या बायका मशीनवर एकत्र बसल्या, चटण्या चाखल्या, आणि राजवीरची आई आमची चटणी चाखून म्हणाली, "मीठ वाईच जास्त हाय." संयोगितानं तिथंच जाहीर केलं की हा शब्द मागं घेतल्याशिवाय साखरपुडा नाही. तीन दिवस मी वर्धमानशेठकडं कांदा-लसणाशिवाय जेवतो आहे. क्रांती पुन्हा जेवायची थांबली आहे. संयोगिताला मी अहवाल लिहून दिला, सविस्तर, जर-तर घालून. तिनं तो न उघडता परत दिला.

ता. क. तिसरा. तेव्हा आण्णा, गुडघा कसाही असो, रविवारच्या आत या, आणि मी बोलावलं म्हणून सांगू नका. तुमच्या बहिणीनं आयुष्यात जाणत्या माणसाचा सल्ला एकदाच ऐकला आहे, अठ्ठ्याण्णव साली, तुम्ही माझं स्थळ चांगलं आहे म्हणालात तेव्हा. आल्यावर तेवढा विषय मात्र काढू नका.