दीड मापाचं घर

तीर्थस्वरूप काका,

पुतण्याचा वाकून नमस्कार. (परवा केला तेव्हा तुम्ही दुरुस्तीला आलेल्या तराजूमागे तोंड लपवलंत, म्हणून पुन्हा.) गुडघा कसा आहे? काकूला ते विचारायचं नाहीये म्हणे, म्हणून मीच विचारतो.

कारण असं, की घरोघरच्या राहणीमानाची पाहणी चालू आहे आणि चिठ्ठ्या टाकून काढलेल्या वीस घरांत तुमचं घर निघालंय. हे आकडे पुढे इतर देशांच्या आकड्यांशेजारी बसणार, म्हणून व्याख्या सगळ्यांना एकच: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. आता तुम्ही अकरा महिन्यांपूर्वी पाहुण्यांसमोर जेवणात मीठ कमी असल्याचं बोलून दाखवलंत, काकू म्हणाली "मग स्वतःच करून घ्या", आणि तुम्ही बाणेदारपणे शेगडी उचलून खाली दुकानात मुक्कामाला गेलात. तेव्हा तुमचं कुटुंब एक की दोन, हे ठरल्याशिवाय माझा फॉर्म पुढे सरकत नाही. मी एकच भरणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

बाकीच्या एकोणीस घरांनी माझ्या नाकी नऊ आणले, पण हटलो नाही. फॉर्मचं भाषांतर कुणा महाभागाने केलंय देव जाणे! कर वगैरे जाऊन खर्चायला हातात उरतात त्या पैशांना त्याने नाव दिलंय ‘विल्हेवाटयोग्य उत्पन्न’. शिंपीणबाईंना विचारलं, "महिन्याला विल्हेवाट किती?" तर त्या म्हणाल्या, "रोज एक बादली, सणावाराला दोन," आणि बादली दाखवायला घेऊनही आल्या. दातांच्या डॉक्टरांनी मात्र खरा आकडा सांगितला आणि आमच्या गल्लीची सरासरी एका दमात दुप्पट झाली. (सरासरीने आता माझ्याही घरी पाऊण मोटार आहे. कुठे उभी असते कोण जाणे.)

मग तुमच्याकडे आलो. तुम्ही "दिसत नाही का, कामात आहे" म्हणालात. जिना चढून वर गेलो. राहणीमानाच्या प्रश्नांत एक आहे: वर्षातून आठवडाभर सुट्टी परवडते का? काकू म्हणाली, "हे खाली गेलेत, तीच माझी सुट्टी." म्हणाली खरी, पण पाठ फिरवून, आणि तेच कोरडं ताट तिसऱ्यांदा पुसत. मला नाही पाहवलं, काका.

आता तुम्ही जन्मभर लोकांची मापं तपासलीत, तर हे एक तपासा. आमच्या पाहणीत घरातल्या पहिल्या मोठ्या माणसाला एक माप धरतात आणि दुसऱ्याला फक्त अर्धं, कारण दिवा एकच जळतो, शेगडी एकच पेटते. म्हणजे एका चुलीवर तुमची दोघांची कमाई भागायची दीडने, आणि वेगळ्या चुलींवर दोनने. करा हिशोब! जिना चढलात की तेवढ्याच पैशांत तुमचं राहणीमान एक तृतीयांशाने वर जातं. अशी पगारवाढ कुठल्या देशात मिळते ते दाखवा. शनिवारी फॉर्म द्यायचा आहे. नाही दिला तर साहेब माझी नोकरी ठेवणार नाहीत, एवढाच तुमच्या मनाला घोर लावतो आणि थांबतो.

तुम्हा दोघांचा,
चिकट पुतण्या

ता.क. नोकरीचं खोटं आहे. साहेबांना एक कुटुंब काय, दोन काय, सारखंच. उलट फॉर्ममागे मानधन असल्याने दोन भरले तर फायदा माझाच. तरीही मी दुसरा कोरा फॉर्म फाडून टाकलाय. शनिवारी वर जेवायला बसा. मीठ कमी वाटलं तर गुपचूप घ्या.

ता.क. २. निघताना काकूला शेवटचा प्रश्न विचारला, घरात एकूण माणसं किती? ती पटकन "दोन" म्हणाली. मग एकदम लाल होऊन म्हणाली, "ते खोड आधी." मी खोडलेलं नाही.