मुक्ताईचं इंग्लिश वातावरण

२ डिसेंबर २००२. सकाळी, कंपनीच्या बसमध्ये
निर्णय पक्का. मुक्ताई तीन वर्षांची होत आली. फेब्रुवारीत इंग्लिश मीडियम नर्सरीचा इंटरव्ह्यू. हिंजवडीला आमचे साहेब सांगत होते, मुलांना वातावरण द्यावं लागतं. मी तिथे गेटवर आलेली पार्सलं घेतो, पण वातावरण मलाही कळतं. बारावीला माझी इंग्लिशमध्येच दांडी उडाली. मुलीचं तसं होता कामा नये. आजपासून तिच्याशी एकही मराठी शब्द नाही.

४ डिसेंबर
चित्रांची कार्डं आणली. मी दाखवायचं, तिने नाव सांगायचं. स्पेलिंगं डिक्शनरीत तपासली. बायकोला नियम समजावला. म्हणाली, भाजी निवडताना मला इंग्लिश सुचत नाही. नम्रताला दूरदृष्टी नाही.

९ डिसेंबर
मुक्ताईने विचारलं, चंद्र दिवसा कुठे जातो. ‘मून’ एवढं सांगितलं. पुढचं वाक्य डिक्शनरीत एकत्र सापडेना. तोवर ती स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारून आली. शिस्त नाही.

२२ डिसेंबर
सारखी शेजारच्या मेहरुनभाभींकडे असते. तिथे मराठी, हिंदी, सगळी भेसळ. भाभी पोळ्या लाटताना तिला शेळीची गोष्ट सांगतात आणि मध्येच थांबून पुढे काय झालं ते तिलाच विचारतात. स्वतःला गोष्ट येत नाही तर सांगायची कशाला?

११ जानेवारी २००३
मुक्ताई हल्ली मला काही विचारत नाही. शंका फिटल्या असाव्यात. प्रगती.
नम्रता म्हणाली, अहो, मौनव्रताचं उद्यापन कधी? दुर्लक्ष केलं. इंग्लिशमध्ये.

५ फेब्रुवारी
इंटरव्ह्यू झाला. मॅडम सरळ मराठीत बोलल्या. मुक्ताई थांबेचना. दूधवाला, मांजर, काकूंचा दुखरा गुडघा, सगळं सांगितलं. मॅडम खूश. प्रवेश दिला.
मग सहज विचारलं, घरी तुझ्याशी कोण कोण बोलतं? आई बोलते, मेहरुनकाकू बोलते. आणि बाबा? मुक्ताई पुढे वाकली आणि मला वाईट वाटू नये अशा बारीक आवाजात म्हणाली, बाबांना अजून बोलता येत नाही. येईल.
नम्रता हसली असती तर बरं झालं असतं.
परतताना रिक्षा पुलावर आली. मुक्ताई माझ्या मांडीवर. बाहेर बोट दाखवून अगदी सावकाश म्हणाली, नदी. आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली.
मी म्हटलं, नदी.
तिने टाळ्या वाजवल्या.